गार वेळेवर हक्क कुणाचा?

मॅरेथॉन ही आता आपल्याकडे नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. पुण्याची मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली, मुंबईची २००४ साली. साताऱ्याच्या घाटात अर्धी मॅरेथॉन होते. आता तर तालुक्याच्या गावीसुद्धा कुणी बँक, कुणी डॉक्टरांची संघटना, कुणी पुढारी आपापली 'मॅरेथॉन' भरवतात, मग ती पाच किलोमीटरची का असेना. या शर्यतींबरोबर तयारीची शिबिरं आली, आठवड्यांचे तक्ते आले, मार्गदर्शक आले. आणि या सगळ्यांबरोबर एक वाक्य आलं : 'सबब सांगू नका.'

आमच्या शहरात गेल्या पावसाळ्यात असंच एक शिबिर झालं. व्याख्याते चांगले बोलले. पाऊस ही सबब नाही, ऊन ही सबब नाही, पाय मुरगळला ही सबब नाही. पहाटे साडेचारला उठायचं आणि उन्हं वर यायच्या आत पळून घरी यायचं. ज्याला मनापासून करायचं असतं तो वेळ काढतोच. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत आम्ही सात जणी बसलो होतो : एक परिचारिका, दोन अंगणवाडी सेविका, एक शिक्षिका, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या दोन मुली, आणि वस्तीत काम करणारी मी. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. पहाटे साडेचारला आम्ही सगळ्याच उठतो. त्यासाठी व्याख्यानाची गरज नव्हती.

माझं भांडण त्या व्याख्यात्यांशी नाही. ते भले गृहस्थ आहेत, स्वतः कष्टानं पळतात. भांडण आहे ते 'सबब' या शब्दाशी. हवामान सगळ्यांना सारखं, रस्ता सगळ्यांना सारखा, उरतो तो फक्त मनाचा निग्रह, असं हा शब्द गृहीत धरतो. हे खरं नाही. दिवसातले जे दोन-तीन गार तास पळायला योग्य असतात, नेमके तेच तास घरानं बाईच्या नावावर कामासाठी लिहून ठेवलेले असतात. जे थोडे उरतात त्यांत रस्ता तिचा नसतो. म्हणून ऊन आणि पाऊस हा पुरुषासाठी हवामानाचा प्रश्न असेल. बाईसाठी तो श्रमविभागणीचा प्रश्न आहे.

उन्हाचं गणित

आधी हवामानाचंच बोलू. पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. नवख्या माणसाला तिच्यासाठी सोळा ते वीस आठवडे नेमानं पळावं लागतं. शर्यत जानेवारीत असेल तर मागे मोजत गेल्यावर तयारीची सुरुवात येते ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे पावसात. मग ऑक्टोबरचा उकाडा. थंडी पडते तोवर निम्मी तयारी झालेली असते.

पळताना शरीर जी शक्ती खर्च करतं तिच्यातला मोठा भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. ही उष्णता घालवण्याचा आपल्याकडचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. पण घाम नुसता गळून उपयोग नसतो, तो वाळावा लागतो. वाळताना तो अंगातली उष्णता घेऊन जातो. हवा दमट असली की घाम वाळत नाही, कपड्यांतून ठिबकत राहतो आणि अंग तापत जातं. म्हणून कोकणपट्टीतले २८ अंश कधी कधी विदर्भातल्या कोरड्या ३२ अंशांपेक्षा पळायला कठीण वाटतात. शरीराला उन्हाची सवय होते, पण त्याला दहा ते चौदा दिवस रोज थोडं थोडं पळावं लागतं. मध्ये मोठा खंड पडला की ती सवय जाते. म्हणजे गार वेळ मिळणं आणि ती रोज मिळणं, या दोन गोष्टींवर सगळी तयारी उभी असते.

निग्रहानं उन्हावर मात करता येते असं ज्यांना वाटतं त्यांनी दोहाची शर्यत आठवावी. २०१९ सालच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत स्त्रियांची मॅरेथॉन २७ सप्टेंबरच्या मध्यरात्री सुरू झाली, कारण दिवसा पळणं अशक्यच होतं. मध्यरात्रीही तापमान ३२ अंशांच्या आसपास आणि हवा कमालीची दमट. ६८ जणी पळायला उभ्या राहिल्या. त्यातल्या २८ जणींना शर्यत सोडावी लागली. या जगातल्या उत्तमोत्तम धावपटू होत्या. त्यांच्यात निग्रह कमी होता असं कोण म्हणेल?

दोहाचा धडा घेऊन पुढच्या ऑलिंपिकची मॅरेथॉन टोकियोतून हलवून सुमारे आठशे किलोमीटर उत्तरेला सापोरोला नेली. २०२१ च्या ऑगस्टात तिथेही उकाडा झाला, तेव्हा स्त्रियांची शर्यत आदल्या संध्याकाळी ठरवून एक तास अलीकडे, सकाळी सहाला आणली. हे मुद्दाम सांगते आहे. मनात आणलं तर धावपटूला गार वेळ मिळावी म्हणून अख्खी शर्यत दुसऱ्या शहरात नेता येते, आदल्या दिवशी घड्याळ बदलता येतं. आणि आपल्या घरात मात्र सातचा डबा साडेसातला होऊ शकत नाही.

घरातलं घड्याळ

मी काम करते त्या वस्तीत नळाला पाणी पहाटे पाचला येतं आणि साडेसहाला जातं. तेवढ्या वेळात पिंप, हंडे, बादल्या भरायच्या, धुणं काढायचं. सहाला कणीक मळायची. सातला एक डबा, साडेसातला दुसरा. मुलांच्या वेण्या, गणवेश, रिक्षा. मध्येच सासूबाईंचा चहा आणि गोळी. साडेआठला श्वास घ्यावा तर ऊन अंगणात आलेलं. संध्याकाळचंही तसंच. सूर्य उतरतो, वारा सुटतो, आणि स्वयंपाकाची वेळ होते.

आता हेच पहाटेचे दोन तास त्या घरातल्या पुरुषाच्या बाजूनं पाहा. तो उठतो, बूट घालतो, पळून येतो. आल्यावर चहा, अंघोळीला गरम पाणी, डबा तयार. त्याच्या नेमाचं कौतुक होतं आणि ते व्हायलाही हरकत नाही. पण त्याचा नेम दुसऱ्या कुणाच्या तरी नेमावर उभा आहे, हे तयारीच्या कुठल्या तक्त्यात लिहिलेलं मी पाहिलेलं नाही.

ही एका वस्तीची रडकथा नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात. असं काम करणारे पुरुष घालवतात ८८ मिनिटं. आणि जे पुरुष घरकामाला हातच लावत नाहीत ते या ८८ च्या सरासरीत धरलेलेच नाहीत. त्या आधीची पाहणी २०१९ ची. तिच्यात हे आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं सुटली, तर पुरुषांनीही नऊ मिनिटं काढून घेतली!

मग बाईला पळायला उरते ती दुपार. आमच्यातली एक सेविका अंगणवाडी सुटल्यावर, मुलं शाळेतून यायच्या आत, दोनच्या सुमारास पळायची. ऑक्टोबरात एकदा तिला चक्कर आली. पुढे कुणीतरी तिला ऐकवलं, 'एवढ्या उन्हात पळायचं कुणी सांगितलं होतं?' प्रश्न बरोबर होता, फक्त तो तिला विचारायचा नव्हता, तिच्या घराला विचारायचा होता.

पाणी प्यावं की न प्यावं?

दुसरा उपदेश पाण्याचा. सतत पाणी पीत राहा, असं पूर्वी सरसकट सांगत. त्यातही धोका आहे. चार-पाच तास हळू पळणारी बाई तहान नसताना घोट घोट पीत राहिली तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि ते जिवावर बेतू शकतं. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये एका अठ्ठावीस वर्षांच्या तरुणीचा अशानं मृत्यू झाला. त्यानंतर सल्ला बदलला : तहानेप्रमाणे प्या.

पण तहानेप्रमाणे प्यायला तहान मारायची सवय नसावी लागते. आपल्या बायका घराबाहेर पडायच्या आधी तहान मारूनच निघतात, कारण वाटेत जायला जागा नसते. पुरुष भिंतीकडे तोंड करून मोकळा होतो. बाई चार तास पोटात दाबून धरते, किंवा आदल्या रात्रीपासून पाणी तोडते. मुंबईत २०११ साली स्त्रियांच्या मोफत, स्वच्छ मुतारीच्या हक्काची मोहीम सुरू झाली, तेव्हा विषय ऐकूनच लोक हसले होते. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं रस्त्यांवर स्त्रियांसाठी स्वच्छतागृहं उभारण्याबद्दल महापालिकांना आदेश दिले. आज आपापल्या शहरात पहाटे पाचला फिरून पाहा. किती स्वच्छतागृहांना कुलूप नाही? किती ठिकाणी दिवा आहे, कडी आहे, पाणी आहे? 'भरपूर पाणी प्या' म्हणणाऱ्यानं आधी या कुलपाची किल्ली दाखवावी.

कपड्यांचंही असंच. पावसात भिजलेला सदरा अंगाला चिकटला की नजरा चिकटतात. म्हणून बायका उकाड्यातही वरून एक जाकीट घालतात, ओढणी गुंडाळतात, पूर्ण विजार घालतात. जो घाम वाळायला हवा तो आत कोंडतो. पुरुष मात्र ऑक्टोबरात बनियनवर पळतो. मोजायचंच झालं तर लाजेचंही तापमान मोजावं लागेल.

रस्ता कुणाचा?

समजा, एखादीनं डब्याचं जमवलं. नणंद आहे, नवरा समजूतदार आहे. ती पहाटे पाचला बाहेर पडली. गल्लीतले तीनपैकी दोन दिवे बंद. कुत्री अंगावर येतात. पावसानं झाकण वाहून गेलेलं गटार पाण्याखाली दिसत नाही. एक मोटारसायकल मागून येते, हळू होते, बरोबरीनं चालते. पाठलाग हा २०१३ पासून कायद्यानं गुन्हा आहे. पण पहाटे सव्वापाचला चौकीत जाऊन तक्रार लिहायला सांगावी तर पहिला प्रश्न येतो, 'तुम्ही एवढ्या पहाटे एकट्या काय करत होता?' घरी सांगावं तर पळणं बंद होतं. म्हणून ती कुणालाच सांगत नाही. फक्त दुसऱ्या दिवशी वाट बदलते, आणि पुढच्या महिन्यात हळूच येणं थांबवते. शिबिराच्या वहीत तिच्या नावापुढे शेरा पडतो : 'सातत्य नाही.'

'व्हाय लॉयटर?' या २०११ सालच्या पुस्तकात शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी दाखवून दिलं आहे की बाईला सार्वजनिक जागेत काही तरी काम असल्याशिवाय असता येत नाही. हातात भाजीची पिशवी हवी, नाहीतर मुलाचा हात. पळण्याचे बूट हीसुद्धा अशीच एक परवानगी वाटते. पण ती पिशवीपेक्षा कच्ची आहे. भाजीला जाणारी बाई घरासाठी जाते. पळणारी बाई कुणासाठी पळते? स्वतःसाठी! समाजाला झोंबतं ते हे.

अंगातलं रक्त

तयारीत माघार घ्यावी लागणं हे सगळ्यांच्याच वाट्याला येतं. नडगी दुखते, घोटा मुरगळतो, ताप येतो. जोन बेनॉइटच्या गुडघ्यावर १९८४ साली अमेरिकेच्या निवड शर्यतीआधी अवघे सतरा दिवस शस्त्रक्रिया झाली होती. तरी ती निवड शर्यत जिंकली आणि पुढे ऑलिंपिकमधली स्त्रियांची पहिलीवहिली मॅरेथॉनही. ही गोष्ट शिबिरांतून हमखास सांगतात. पण तिच्या पाठीशी शल्यविशारद होता, व्यायामोपचार होता, दिवसभर फक्त बरं होण्याचीच मुभा होती. हे सांगायचं राहून जातं.

आपल्याकडे माघारीचं कारण बहुधा गुडघ्यात नसतं, ताटात असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के. रक्त प्राणवायू वाहून नेतं. ते कमी असलं की चढावर छाती भरून येते, पाय जड होतात, उन्हात लवकर गळून जायला होतं. अशा मुलीला 'आणखी जोर लाव' म्हणणं हा मार्गदर्शकाचा अडाणीपणा आहे. तिला आधी हिमोग्लोबिनची तपासणी हवी आणि घरात सगळ्यांबरोबर बसून, सगळ्यांएवढं जेवण हवं. पुरेसं न खाता पळत राहिलं की पाळी अनियमित होते, थांबते, आणि हाडं ठिसूळ होतात. नडगीला बारीक चीर पडते. पाळी थांबली तर अनेक मुलींना सोयीचंच वाटतं, कारण हे धोक्याचं लक्षण आहे असं त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. मैदानावरचा मार्गदर्शक पुरुष असतो, आणि या विषयावर दोघांचीही तोंडं बंद असतात.

आमच्यातल्या परिचारिकेची नडगी अशीच दुखावली. ज्या डॉक्टरकडे ती गेली त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, 'या वयात हे कशाला?' ती छत्तीस वर्षांची आहे. त्याच आठवड्यात तिच्याच रुग्णालयातल्या बेचाळीस वर्षांच्या सहकाऱ्याला त्याच तक्रारीवर सहा आठवड्यांचा व्यायामाचा कागद मिळाला.

सोशीकपणाची आरती

या सगळ्यावर एक उत्तर ठरलेलं असतं. 'पण बायका मुळातच सोशीक असतात. त्यांना जमतं.' हे उत्तर गोड आहे म्हणून अधिक धोक्याचं आहे.

शंभर वर्षांपूर्वी नेमकं उलट सांगत होते. १९२८ साली अॅमस्टरडॅमला स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत झाली. शेवटी काही जणी दमून मैदानावर बसल्या, तर वर्तमानपत्रांनी बायका कोसळल्याची वर्णनं रंगवून छापली, आणि १९६० पर्यंत ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना २०० मीटरहून लांब पळूच दिलं नाही. १९६७ साली बोस्टनमध्ये कॅथरीन स्विट्झर क्रमांक लावून पळत होती, तर संयोजकांपैकी एकानं धावत येऊन तिला बाहेर ओढायचा प्रयत्न केला. तिथे स्त्रियांना अधिकृत प्रवेश मिळायला १९७२ साल उजाडलं. ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन मिळायला १९८४. त्या पहिल्याच शर्यतीत गॅब्रिएला अँडरसन-शीस उन्हानं झोकांड्या खात मैदानात आली. शेवटच्या फेरीला तिला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागला. तिला घाम येतो आहे, म्हणजे शरीर अजून स्वतःला गार करू शकतं आहे, हे पाहून डॉक्टरांनी तिला अडवलं नाही. ती ३७ वी आली आणि लवकरच सावरली. बाई कोसळते की नाही हे न पाहता तिला घाम येतो आहे का हे पाहणारं कुणीतरी त्या दिवशी तिथे होतं.

आता काटा दुसऱ्या टोकाला गेला आहे. २०१८ च्या बोस्टन मॅरेथॉनला गोठवणारा पाऊस आणि समोरून वारा होता. त्या दिवशी शर्यत अर्ध्यावर सोडणाऱ्यांचं प्रमाण पुरुषांत जास्त, स्त्रियांत कमी होतं. दुसरी आली सारा सेलर्स, पूर्ण वेळ नोकरी करणारी, भूल देण्याचं काम करणारी परिचारिका. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण तिच्यातून 'बाई सोसतेच' हा निष्कर्ष काढला की आपण पुन्हा त्याच जात्यात जातो. सोसण्याची ताकद आहे म्हणून सोसायला लावायचं, आणि सोसलं की आरती ओवाळायची!

बारामतीच्या शर्यतीत नऊवारी नेसून अनवाणी पळालेल्या लताबाई करे यांची गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे. साठी ओलांडलेली ही शेतमजूर बाई नवऱ्याच्या उपचारासाठी पैसे हवेत म्हणून पळाली आणि जिंकली. त्यांच्यावर २०२० साली चित्रपट आला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. लताबाईंना सलामच. पण आपण टाळ्या कशाला वाजवल्या? एका म्हाताऱ्या बाईला नवऱ्याच्या तपासणीसाठी शर्यत जिंकावी लागते, या गोष्टीची लाज वाटायला हवी होती. तसंच आदिवासी पाड्यातल्या, दुष्काळी तालुक्यातल्या मुली पुढे आल्या की छापून येतं : लहानपणी डोंगरातून पाणी आणलं, त्यातून पाय तयार झाले. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवते आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन पळते. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर त्याच ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठते. हे त्यांच्या मेहनतीचं आणि त्यांना मिळालेल्या शिक्षणाचं फळ आहे. डोक्यावरचा हंडा हा काही प्रशिक्षक नव्हे. तसं असतं तर मराठवाड्यातली निम्मी पदकं घरोघरी असती. हंड्यानं मान झिजते आणि शाळा बुडते.

हा आपला प्रश्न आहे का?

चळवळीतल्या काही मैत्रिणी विचारतात, बलात्कार, हुंडा, रेशन, रोजगार सोडून हे पळण्याचं खूळ कशाला? महागडे बूट घालून पळणं हा सुखवस्तूंचा छंद आहे. त्यांचं अर्धं म्हणणं मला पटतं. शर्यतींचं शुल्क, बूट, घड्याळं यांचा बाजार मोठा आहे, आणि त्या बाजाराला निग्रहाची भाषा सोयीची पडते. निग्रह विकता येतो, रस्त्यावरचा दिवा विकता येत नाही.

पण कुठल्याही जिल्ह्याच्या गावाबाहेर पहाटे जाऊन पाहा. महामार्गाच्या कडेनं, ट्रकच्या उजेडात मुली पळताना दिसतील. त्या छंदासाठी पळत नाहीत. पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर पळावं लागतं, वनरक्षकाच्या भरतीत ३ किलोमीटर. ही त्यांची नोकरी आहे, लग्न दोन वर्षं पुढे ढकलण्याचं कारण आहे. गावातल्या मैदानावर पोरांचं क्रिकेट आणि पुढाऱ्यांचे मंडप असतात, म्हणून त्या महामार्गावर येतात. तिथे ट्रकपासून जीव वाचवायचा, पोरांच्या शेऱ्यांपासून मन. त्यांच्या दृष्टीनं पहाटेची सुरक्षित गार वेळ हा भाकरीचाच प्रश्न आहे. आणि ज्यांना भाकरीसाठी पळायचं नाही, नुसतं पळावंसं वाटतं म्हणून पळायचं आहे, त्यांचंही काय चुकलं? बाईला विसावा आणि आनंद मागायचा तर आधी सगळी दुःखं मिटवून यावं लागतं का?

मग मागायचं काय?

घराकडे : आठवड्यातल्या निदान तीन सकाळी बाईच्या. त्या दिवशी पाणी भरणं आणि डबा पुरुषाकडे. 'मदत' म्हणून नको, वाटणी म्हणून.

महापालिकेकडे आणि ग्रामपंचायतीकडे : शाळा-महाविद्यालयांची मैदानं पहाटे आणि संध्याकाळी दिव्यांसह उघडी ठेवा. स्वच्छतागृहं पहाटे पाचला उघडा. पावसाळ्याआधी गटारांची झाकणं बसवा. पोलिसांची गस्त रात्री बारालाच संपू नये.

मार्गदर्शकांकडे : तक्त्यात पहिली ओळ हिमोग्लोबिनची असू द्या. पाळीबद्दल बोलता येईल अशी एक तरी बाई प्रत्येक शिबिरात असू द्या. उकाडा वाढला की अंतर आणि वेग कमी करायला सांगा, आणि त्याला कमकुवतपणा म्हणू नका. वहीत 'सातत्य नाही' लिहिण्यापूर्वी का नाही ते विचारा.

संयोजकांकडे : शेवटच्या बाईपर्यंत पाणी आणि स्वच्छतागृह पोचलं पाहिजे, पहिल्या शंभर पुरुषांपर्यंत नव्हे. गरोदर राहिलेल्या धावपटूला तिचा प्रवेश पुढच्या वर्षी वापरू द्या. लंडनच्या मॅरेथॉननं हे २०२२ पासून मान्य केलं आहे. आपल्याकडे अवघड काय आहे?

आणि आपल्याकडे : एकटीनं पळू नका. चौघी मिळून पळा. आम्ही सात जणींनी पाळी लावली आहे. सोमवारी दोघींच्या घरचे डबे तिसरी करते, बुधवारी उलट. पावसात चिखलाच्या वाटेऐवजी शाळेच्या पडवीत चकरा मारतो. जिथे पाणी साचलं आहे तिथे पाऊल घालत नाही, पायाला जखम असेल तर मुळीच नाही, कारण लेप्टोचा ताप येतो. घरी आल्यावर बुटांत वर्तमानपत्र कोंबून ठेवतो. मागून मोटारसायकल आली की सातही जणी थांबतो, वळतो आणि तिचा क्रमांक मोठ्यानं वाचतो. आतापर्यंत तरी तेवढं पुरलं आहे. पण हा आमचा तात्पुरता उपाय आहे, शासनाची आणि घराची जबाबदारी त्यानं संपत नाही. सात बायकांनी आपसांत डबे वाटून घेतले म्हणजे पुरुषाचा डबा बाईनंच करायचा हे काही बदललं नाही.

म्हणून यापुढे कुणी 'सबब सांगू नका' म्हणालं की गप्प बसू नका. विचारा, तुमचा डबा कोण करतं? तुमच्या गल्लीत दिवा आहे का? वाटेत लागली तर कुठे जाता? ही उत्तरं वहीत लिहून घ्या आणि वॉर्डाच्या सभेत, ग्रामसभेत, शिबिरात मोठ्यानं वाचा. तुमच्या गावात पहाटे किती मैदानं उघडी असतात, किती स्वच्छतागृहांना कुलूप असतं, किती दिवे लागतात, याची यादी करून या अंकाच्या पत्त्यावर पाठवा. पुढचा पावसाळा यायच्या आत ती यादी घेऊन आपण आपापल्या महापालिकेच्या आणि ग्रामपंचायतीच्या दारात जाऊ.